सगळं असूनही: ‘रेव्होल्यूशनरी रोड’मधलं लग्न का मोडलं?

सॅम मेंडिसचा ‘रेव्होल्यूशनरी रोड’ (२००८) पाहून उठलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक प्रश्न हमखास पडतो: या दोघांना नेमकं दुखतंय तरी काय? टुमदार पांढरं घर, पुढे हिरवळ, दारात गाडी, एक मुलगी, एक मुलगा, नवऱ्याला न्यूयॉर्कात बरी नोकरी. तरीही फ्रँक आणि एप्रिल व्हीलर जवळजवळ दोन तास एकमेकांना ओरबाडत राहतात आणि शेवटी एप्रिलचा जीव जातो. ‘टायटॅनिक’नंतर अकरा वर्षांनी लिओनार्डो डिकॅप्रियो आणि केट विन्स्लेट पुन्हा एकत्र आले म्हणून प्रेमकथेच्या अपेक्षेने बसलेले तर पार गोंधळतात. मग ‘यांना सुख बोचतंय’ असं म्हणून बरेच जण विषय संपवतात.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, विशेषतः एप्रिलवर. दोघांचे स्वभाव हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं त्या काळच्या गृहकर्जाच्या कागदांत, नोकरीच्या जाहिरातींत आणि कनेटिकट राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात आहे. अमेरिकी प्रेक्षकाला ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत असतं, म्हणून सिनेमा ते सांगत बसत नाही. आपल्याला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं.

शेवट आधी कळू नये असं वाटत असेल तर सिनेमा पाहून मगच पुढे वाचा.

गोष्ट काय आहे

काळ १९५५. फ्रँक तिशीला टेकलाय, महायुद्धात युरोपात जाऊन आलाय. वडिलांनी ज्या कंपनीत आयुष्य काढलं त्याच कंपनीत तो विक्रीसाठीचा मजकूर लिहितो, आणि ते काम त्याला अजिबात आवडत नाही. एप्रिलला नटी व्हायचं होतं. आता ती गावातल्या हौशी नाटक मंडळीत काम करते आणि ते नाटक साफ पडतं. सिनेमाच्या सुरुवातीलाच, नाटकाहून परतताना, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून दोघं भांडतात. भांडण नाटकावरून सुरू होतं आणि सगळ्या संसारावर येऊन ठेपतं.

मग एप्रिल एक योजना मांडते. घर विकायचं, पॅरिसला जायचं, तिथल्या अमेरिकी सरकारी कचेऱ्यांत तिने सेक्रेटरीची नोकरी धरायची आणि फ्रँकने आपल्याला खरंच काय करायचंय ते शोधायचं. काही आठवडे दोघं पुन्हा प्रेमात पडल्यासारखी वागतात. तेवढ्यात फ्रँकला बढती चालून येते आणि एप्रिलला तिसऱ्यांदा दिवस जातात. योजना बारगळते. एप्रिल घरातच स्वतःचा गर्भपात करते आणि त्यात मरते.

ही गोष्ट रिचर्ड येट्स यांच्या १९६१ च्या कादंबरीची. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही घरं आली कुठून?

मुंबईकराला उपनगर म्हटलं की अंधेरी-बोरिवलीची गर्दी आठवते. अमेरिकी सबर्ब म्हणजे त्याच्या उलट: शहराबाहेर, एकेका कुटुंबाची सुटी घरं, मधे दुकान नाही, कचेरी नाही, चालत जाण्याजोगं फारसं काही नाही. ही रचना आपोआप झालेली नाही. सरकारने ठरवून पैसा वळवला म्हणून ती झाली.

१९३० च्या आधी तिथे घरासाठी कर्ज घ्यायचं तर बहुधा निम्मी किंमत आधी रोख भरावी लागे आणि उरलेली थोड्याच वर्षांत फेडावी लागे. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था आली. ती स्वतः कर्ज देत नसे, कर्जाचा विमा उतरवत असे. गावच्या पतसंस्थेत वजनदार मामा जामीन राहिला की मॅनेजर हात आखडता घेत नाही, तसंच हे. बुडलं तर सरकार भरून देणार म्हटल्यावर बँका २५-३० वर्षांच्या मुदतीने कर्ज देऊ लागल्या. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणखी सवलत दिली. त्यांना बऱ्याचदा सुरुवातीला काहीच भरावं लागत नसे.

मागणी तयार झाली तसे बिल्डर पुढे आले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं. चार वर्षांत १७,००० हून जास्त घरं. १९४९ मध्ये तिथलं एक घर ७,९९० डॉलरला मिळत होतं. देशात स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९४० मध्ये सुमारे ४४ टक्के होतं, ते १९६० मध्ये ६२ टक्क्यांवर गेलं. वीस वर्षांत एवढी उडी ही साधी गोष्ट नव्हे. भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या लाखो माणसांना स्वतःचं अंगण मिळालं, आणि त्या आनंदाला कमी लेखायचं कारण नाही.

व्हीलर कुटुंब लेव्हिटटाउनच्या एक पायरी वरचं आहे. कनेटिकटमधलं त्यांचं घर साच्यातलं नाही, आणि आपण शेजाऱ्यांपेक्षा वेगळे आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. पण कर्ज, हप्ता आणि नवऱ्याचा पगार ही साखळी तीच.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सिनेमात सगळे शेजारी गोरे आहेत. सरकारी कर्जविमा देताना कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोक्याच्या’ ठरवल्या जात, आणि लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांशिवाय कुणाला राहू देणार नाही अशी अटच होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असं सांगितलं, तरी प्रत्यक्षात दार उघडायला पुढची वीस वर्षं गेली. ज्या आयुष्यात एप्रिलचा जीव घुसमटतो, ते मागायची मुभाही अनेकांना नव्हती.

बायका काम करत नव्हत्या का?

करत होत्या. युद्धाच्या काळात लाखो बायका कारखान्यांत गेल्या. पुरुष परतल्यावर त्यांतल्या पुष्कळ जणींना घरी पाठवलं गेलं. तरी १९५० च्या दशकात नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांची संख्या वाढतच होती, त्यामुळे ‘तेव्हा सगळ्या घरीच बसत’ हे चित्र चुकीचं आहे.

पण नोकरी कसली? वर्तमानपत्रांत पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी जाहिरातींचे रकाने वेगळे छापले जात. स्त्रियांच्या रकान्यात टायपिस्ट, सेक्रेटरी, सेल्सगर्ल. नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६४ चा. घरासाठी कर्ज मागितलं तर बँका तरुण बायकोचा पगार बहुधा पुरता धरतच नसत, कारण मूल झालं की ती नोकरी सोडणार हे गृहीतच असे. कर्ज देताना स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून डावलता येणार नाही, हा कायदा १९७४ चा.

लग्नं लवकर होत. १९५६ च्या सुमारास अमेरिकी मुलीचं पहिल्या लग्नाचं मध्यम वय वीसच्या आसपास होतं. १९५७ या एका वर्षात तिथे ४३ लाख मुलं जन्मली. म्हणजे तिशीच्या आत दोन मुलं, शहरापासून दूर घर, आणि दिवसभर मोठ्या माणसाशी बोलणं नाही. सिनेमात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर हॅट घातलेल्या, एकसारख्या सुटातल्या पुरुषांचा लोंढा उतरतो तो प्रसंग बघा. फ्रँक त्या गर्दीत विरघळतो आणि त्याचं आपल्याला वाईट वाटतं. पण त्याला निदान गर्दी आहे, कचेरीतले मित्र आहेत, दुपारची दारू आहे, आणि वाढदिवसाच्या दिवशी कचेरीतल्या मुलीबरोबर वाट वाकडी करायची मोकळीकही आहे. त्याच संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा बायको आणि मुलं केक घेऊन वाट पाहत असतात. पॅरिसचा विषय एप्रिल त्याच रात्री काढते.

पॅरिस म्हणजे पळपुटेपणा नाही का?

हा आक्षेप सिनेमातले शेजारीही मनात घेतात आणि कचेरीतले सहकारीही. फ्रेंच धड येत नाही, ओळखीपाळखी नाहीत, दोन लहान मुलं. योजना कच्ची आहे, मान्य.

पण तिच्यात शहराच्या नावापेक्षा महत्त्वाचं एक कलम आहे: कमावणार एप्रिल. ती नवऱ्याला सोडायचं म्हणत नाही, मुलांना टाकायचं म्हणत नाही, स्वतःच्या अभिनयाचं नावही काढत नाही. घरातला पैसा कुणाच्या हातून यावा एवढंच ती बदलू पाहते. ऐकणाऱ्याला धक्का बसतो तो तिथे. योजना ऐकून शेजारी शेप आणि मिली गप्प होतात, आणि नवरा घरी बसणार या कल्पनेवरच प्रश्न विचारले जातात. फ्रँकही वरवर उत्साह दाखवतो, पण बायकोच्या पगारावर जगायची कल्पना त्याला आतून पेलत नाही. बढती आली तेव्हा त्याला हायसं वाटलं, असं मला ते प्रसंग पाहताना वाटतं. डिकॅप्रियोने तो सुटकेचा भाव लपवतालपवता दाखवलाय.

मग वेगळे का झाले नाहीत?

आजच्या वाचकाला सर्वात आधी सुचणारी वाट हीच. १९५५ मध्ये अमेरिकेत घटस्फोट होता, पण तो ‘दोषावर’ आधारलेला होता. म्हणजे जोडीदाराने व्यभिचार केला, क्रूरपणे वागला, सोडून गेला, असं काहीतरी कोर्टात सिद्ध करायचं. ‘आमचं पटत नाही’ हे कारण बहुतेक राज्यांत चालत नसे. त्यातही पेच असा की नवरा-बायकोने आपसात ठरवून अर्ज केलाय असं दिसलं तर कोर्ट तो फेटाळू शकत असे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर १९६७ पर्यंत व्यभिचार हेच जवळजवळ एकमेव कारण होतं, आणि त्यासाठी हॉटेलात खोटा पुरावा उभा करायचा धंदाच चालायचा. कुणाचाही दोष न दाखवता घटस्फोट देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९७० पासून लागू झाला, मग हळूहळू इतर राज्यांत.

आपला हिंदू विवाह कायदा नेमका १९५५ चा. त्यातही परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ मध्ये आली. तेव्हा हा केवळ अमेरिकेचा मागासपणा नव्हता.

कायद्यापलीकडे रोजच्या जगण्याचा हिशेब होता. एप्रिलने घर सोडलं असतं तर दोन मुलांसह, कमी पगाराच्या नोकरीवर, स्वतःच्या नावाने कर्ज न मिळता तिला उभं राहावं लागलं असतं.

कनेटिकटचा कायदा

या भागाशिवाय शेवट कळत नाही असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गोष्ट कनेटिकटमध्ये घडते. तिथे १८७९ पासून असा कायदा होता की गर्भनिरोधक साधन *वापरणं* हाच गुन्हा. विकणं नव्हे, वापरणं, आणि तेही लग्न झालेल्या जोडप्याने. कुणाच्या शयनगृहात पोलीस जात नसत हे खरं. कंडोम रोगप्रतिबंधाच्या नावाखाली दुकानात मिळत, आणि ओळखीचा खासगी डॉक्टर असलेल्या सुशिक्षित जोडप्याची सोयही होऊन जाई. फटका बसत होता तो दवाखान्यांना. वॉटरबरी इथल्या संततिनियमन केंद्रावर १९३९ मध्ये धाड पडली आणि त्यानंतर राज्यातली अशी केंद्रं बंद झाली.

१९६१ मध्ये, म्हणजे येट्स यांची कादंबरी आली त्याच वर्षी, एस्टेल ग्रिस्वोल्ड आणि डॉ. ली बक्स्टन यांनी न्यू हेवनमध्ये मुद्दाम असं केंद्र उघडलं. अटक व्हावी आणि कायदा कोर्टात यावा हाच हेतू. दहा दिवसांत केंद्र बंद पाडलं गेलं, दोघांना प्रत्येकी १०० डॉलर दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९६५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द झाला. विवाहित जोडप्याच्या खासगी आयुष्यात राज्याने घुसू नये, हे त्या निकालाचं सूत्र.

गर्भनिरोधनाची ही कथा, तर गर्भपाताचं काय असेल याचा अंदाज येईल. बाईचा जीव वाचवण्याखेरीज तो गुन्हाच होता. पैसेवाल्या बायका गुपचूप डॉक्टर गाठत, बाकीच्या मिळेल त्या हातांत जात किंवा स्वतःच काहीतरी करत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी त्यात बायका मरत. एप्रिल मरते ती अशी. देशभर हा हक्क मिळाला १९७३ मध्ये, ‘रो विरुद्ध वेड’ या निकालाने, आणि २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो निकाल उलटवला. कनेटिकटने १९९० मध्येच आपल्या कायद्यात हक्क लिहून ठेवल्यामुळे तिथे तो टिकला. अनेक राज्यांत टिकला नाही. २००८ मध्ये हा सिनेमा पाहताना तो शेवट इतिहास वाटत असे.

आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. अनेक ठिकाणी ती तरीही मागितली जाते, म्हणून हे ठामपणे लिहितो.

म्हणजे फ्रँक खलनायक?

नाही, आणि सिनेमाचं मोठेपण इथे आहे. फ्रँक मुलांवर माया करतो, बायकोवरही करतो. पण भांडण हरायची वेळ आली की तो त्या काळाने पुरुषाच्या हातात दिलेलं हत्यार उचलतो. एप्रिलच्या मनात गर्भपाताचा विचार आहे हे कळल्यावर तो तिला सुनावतो की नॉर्मल बाई, नॉर्मल आई असं करत नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं सुचवतो.

१९५५ मध्ये हे साधं सुचवणं नव्हतं. मेंदूच्या ‘लोबोटॉमी’ या शस्त्रक्रियेला १९४९ मध्ये नोबेल मिळालं होतं, विजेचे झटके सर्रास दिले जात, आणि मिलटाउन नावाची मन शांत करणारी गोळी त्याच वर्षी बाजारात आली होती. सिनेमात याचा जिवंत पुरावा आहे: घरं विकणाऱ्या बाईंचा मुलगा जॉन, गणितात पीएच.डी., मनोरुग्णालयातून अधूनमधून बाहेर येणारा. झटक्यांनी त्याचं गणित गेलंय, डोळे मात्र शाबूत आहेत. व्हीलर दांपत्याचं खरं काय चाललंय ते तोच तोंडावर बोलतो. मायकल शॅननला त्या थोड्याशा प्रसंगांसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. एप्रिलला ‘तज्ज्ञाकडे जा’ म्हटलं जातं तेव्हा तिच्यासमोर उदाहरण जॉनचं आहे, हे विसरू नये.

आणि मग ती शेवटची सकाळ. आदल्या रात्री भयंकर भांडण झालेलं. एप्रिल नाश्ता करून वाढते, हसून त्याला कचेरीतलं विचारते, आणि फ्रँक खुशीत येऊन कॉम्प्युटर कसा चालतो ते तिला चित्र काढून समजावतो. त्याला वाटतं सगळं मिटलं. विन्स्लेटने त्या टेबलावर जे केलंय ते पुन्हा पुन्हा पाहावं. आयुष्यात नटी होऊ न शकलेली बाई तिथे आदर्श गृहिणीची भूमिका निर्दोष वठवते, आणि नवऱ्याला नेमकी तीच हवी असते.

सगळी लग्नं अशीच होती का?

मुळीच नाही. युद्धानंतर लगेच उसळलेलं घटस्फोटाचं प्रमाण १९५० च्या दशकात खाली आलं होतं. कित्येक संसार आनंदाचे होते, कित्येक बायकांनी घर मनापासून निवडलं होतं. फक्त कमी घटस्फोट म्हणजे जास्त सुख असा अर्थ लगेच काढता येत नाही, कारण बाहेरची वाट अरुंद असताना आत कोण खुशीने राहिलं आणि कोण नाइलाजाने, हे आकडा सांगत नाही.

आपला याच्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि पुढच्या दशकांत पुण्या-मुंबईचे, नागपूर-कोल्हापूरचे इंजिनिअर, डॉक्टर न्यू जर्सीच्या एडिसनसारख्या सबर्बमध्ये स्थायिक झाले. त्यातल्या कितीतरी बायका एच-४ या व्हिसावर गेल्या, अजूनही जातात. एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा हा व्हिसा. इथे एम.एस्सी., बी.ई. झालेली, नोकरी केलेली मुलगी तिथे पोचते आणि कायद्यानेच तिला पगारी काम करता येत नाही.

मे २०१५ पासून थोडा बदल झाला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल, तर एच-४ वरची बायको कामाचा परवाना मागू शकते. तो टप्पा नवऱ्याच्या कंपनीने अर्ज केला तरच येतो, आणि त्याला वर्षं लागू शकतात. घटस्फोट झाला तर एच-४ चा आधारच संपतो. लग्न ठरवताना पगार, गाव, घराचा फोटो सगळं विचारलं जातं. मुलीच्या बाजूने आणखी दोन प्रश्न विचारले जावेत असं मला कळकळीने वाटतं: अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, आणि तिला काम करायची परवानगी कधी मिळेल? उत्तर तोंडी न घेता कागदावर पाहावं.